दहा रुपये भाडें आणि एक मत

कांहीं दिवसांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. चौथीच्या वर्गांत पाढ्यांत कच्चा, पण स्वभावानें सरळ असा हा मुलगा आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ झाला आहे. आणि मुंबई महानगरपालिकेच्या पुढील निवडणुकीस आमच्या विभागांतून उभें राहण्याचा त्याचा मानस आहे. त्यानें माझ्यासमोर एक कागद ठेवला व म्हणाला, “गुरुजी, जाहीरनाम्याचा मसुदा आहे. शुद्धलेखन तेवढें पाहून द्या.”

मसुद्यांत सतरा कलमें होतीं. पहिलें कलम विभागाच्या तोंडाशीं भव्य कमान उभारण्याचें, दुसरें उद्यानांत रंगीत दिवे लावण्याचें, तिसरें ज्येष्ठ नागरिकांच्या सहलींचें. असें करीत करीत अकराव्या कलमांत तीनच शब्द होते : “सर्वांना परवडणारीं घरें.” मीं ऱ्हस्वदीर्घ सुधारलें आणि म्हणालों, “अरे, शुद्धलेखन झालें. पण क्रम चुकला आहे. अकरावें कलम पहिलें हवें होतें.”

“तें मलाहि कळतें, गुरुजी,” तो म्हणाला, “पण त्याच्यापुढें काय लिहावें तें कळत नाहीं. म्हणून तीन शब्दांवर भागवलें.”

उत्तर प्रामाणिक होतें. आणि खरें सांगावयाचें तर त्यापुढें काय लिहावें तें मलाहि तत्काळ सांगतां आलें नाहीं. आठ दिवसांनीं ये, असें सांगून मीं त्याची बोळवण केली आणि मुंबईच्या घरांचा इतिहास पुन्हां एकदां चाळून पाहिला. त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ पुस्तकी नव्हता. गिरणगांवांतील एका चाळींत मी लहानाचा मोठा झालों. जवळच्याच शाळेंत नोकरीस लागलों तेव्हां तेथें चौथीचे चार वर्ग भरत. निवृत्त झालों त्या वर्षीं एक वर्ग भरतांना पंचाईत पडली. मुलें गेलीं कोठें? तीं डोंबिवलीस गेलीं, बदलापुरास गेलीं, विरारला गेलीं. माझा स्वतःचा मुलगाहि त्यांतच आहे. तो पहांटे साडेपांचला घर सोडतो व रात्रीं साडेनऊला परततो. आणि ज्या शहरांत त्याचा सारा दिवस जातो, त्या शहराच्या महानगरपालिकेसाठीं त्याला मत नाहीं. हें शेवटचें वाक्य आपण ध्यानांत ठेवावें. त्याच्याकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

मुंबईच्या कारभारांत मत कोणाला, हा प्रश्न प्रारंभापासूनच घराशीं जोडलेला आहे. १८७२ च्या कायद्यानें कॉर्पोरेशनचे ६४ सभासद ठरले आणि त्यांपैकीं निम्मे करदात्यांनीं निवडून द्यावयाचे असें झालें. पुढें १८८८ चा प्रसिद्ध म्युनिसिपल कायदा आला. त्याच्या घडणींत फिरोजशहा मेहता यांचा मोठा वांटा होता आणि शेंकडों दुरुस्त्या होऊनहि शहराच्या कारभाराचा पाया तोच राहिला. परंतु मताचें साधारण तत्त्व जुनेंच होतें : जो कर भरील तो मतदार. घराचा कर मालक भरी. भाडेकरू मालकाला भाडें भरी. अर्थात् ज्याचीं घरें होतीं त्याला मत होतें आणि ज्याला घर हवें होतें त्याला नव्हतें.

१९२२ सालीं हें तत्त्व थोडें सैल झालें. दरमहा दहा रुपये वा त्याहून अधिक भाडें देणाऱ्या भाडेकरूस मताचा अधिकार मिळाला. मध्यमवर्गीय कारकून, शिक्षक, छोटा दुकानदार यांच्यासाठीं हें मोठें पाऊल होतें. पण गिरणीकामगाराच्या खोलीचें भाडें त्या काळीं बहुधा दहा रुपयांच्या आंत असे. म्हणून तो बाहेरच राहिला. प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर कॉर्पोरेशनची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती १९४८ सालीं. या एवढ्या काळांत मुंबईनें घरांच्या बाबतींत जे मोठे निर्णय घेतले, ते ज्यांना घराची सर्वांत अधिक गरज होती त्यांना विचारल्यावांचून घेतले. त्या निर्णयांत जो क्रम दिसतो त्याचें मूळ येथें आहे.

आतां हे निर्णय पाहूं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांतील रोग्यांना ताप व गांठी येत असल्याचें पाहून डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं हा प्लेग आहे असें निदान केलें. मूळचे गोमंतकीय असलेले हे डॉक्टर कॉर्पोरेशनचेहि सभासद होते. प्लेगानें शहराची दाणादाण उडवली. लोक गांवोगांव पळाले, गिरण्यांना हात मिळेनात, बंदरांतील व्यापार थंडावला. अंधाऱ्या, कोंदट, दाटीवाटीच्या चाळींत काय शिजत होतें, याकडे तोंवर कानाडोळा करणाऱ्या सरकारास व्यापार बुडतांना पाहून जाग आली. आणि १८९८ सालीं ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. नवे रस्ते काढणें, दाट वस्त्या मोकळ्या करणें, नवी जमीन मिळविणें आणि गरिबांसाठीं आरोग्यदायक घरें बांधणें, अशीं त्याचीं कामें ठरलीं.

हेतु चांगला होता. पण क्रम पाहा. नागपाड्यांतील वस्ती मोकळी करण्यास हात घातला. सँडहर्स्ट रोड काढला, ज्याला आपण आतां सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतों. प्रिन्सेस स्ट्रीट काढला. समुद्राचा वारा शहरांत खेळावा म्हणून हे रुंद रस्ते दाट वस्तीच्या मधून नेले. त्यासाठीं हजारों लोकांचीं बिऱ्हाडें हललीं. आणि जेवढीं घरें पडलीं तेवढीं नवीं उभीं राहण्यास वर्षें लागलीं. ज्याचें कामच भायखळ्यास वा बंदरावर, तो तरी लांब कोठें जाणार? तो शेजारच्या गल्लींतील आधींच भरलेल्या चाळींत शिरला. एका गल्लींतील गर्दी मोडली ती दुसऱ्या गल्लींत वाढली. आणि मागणी वाढली म्हणून तेथील भाडेंहि वाढलें. रोग हटविण्यासाठीं निघालेल्या योजनेनें रोगाचें कारणच शेजारीं नेऊन ठेवलें.

ट्रस्टनें कांहींच भलें केलें नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती, तेथील झाडें आणि मोकळीं मैदानें ही ट्रस्टचीच देणगी होय. ट्रस्टच्या चाळीहि उभ्या राहिल्या. परळच्या पोयबावडीजवळच्या अशाच एका चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें काढलीं. मुंबईनें कष्टकऱ्यांसाठीं बांधलेल्या दोन खोल्यांतून काय निर्माण होऊं शकतें, याला याहून मोठा दाखला कोणता द्यावा? ट्रस्टचा दोष बांधण्यांत नव्हता. आधीं पाडलें आणि मग बांधलें, यांत होता. १९३३ सालीं ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्यें विलीन झाला. पण आधीं पाडण्याची संवय विलीन झाली नाहीं.

दुसरा निर्णय पहिल्या महायुद्धानंतरचा. युद्धांत कापडाचा धंदा तेजींत आला, शहरांत माणसें लोटलीं, भाडीं कडाडलीं. १९१८ सालीं सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. पण भाडें रोखलें म्हणून नवें घर उभें राहत नाहीं. म्हणून त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं १९२० सालीं एक स्वतंत्र ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ काढलें. याच खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बी.डी.डी. चाळ’ हें नांव आपल्या बोलण्यांत रुळलें. संकल्प ५०,००० गाळ्यांचा होता. कर्ज उभारलें, शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीमागें एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग (त्या वेळचा डिलाइल रोड) आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला व वर तीन मजले, एका चाळींत ८० खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फुटांची. एकूण गाळे साडेसोळा हजारांच्या आसपास. म्हणजे संकल्पाच्या एक तृतीयांश.

त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. शहरांत माणसें जिन्याखालीं निजत होतीं आणि या नव्या चाळींतल्या खोल्या, विशेषतः वरळीच्या, वर्षानुवर्षें ओस पडून होत्या. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळींत तर वरळीच्या कांहीं चाळींचा सत्याग्रह्यांसाठीं तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला! असें कां व्हावें? एक कारण पैशाचें. खर्च भरून निघेल असें भाडें कामगाराला झेपेना आणि कामगाराला झेपेल असें भाडें घेतलें तर खर्च भरून निघेना. दुसरें कारण अंतराचें. वरळी त्या काळीं एका टोकाला होती. गिरणी लांब, बाजार लांब, दिवाबत्तीची व वाहनाची सोय अपुरी. पहाटेच्या भोंग्याला हजर राहावयाचें त्यानें तेथें राहावें कसें?

आपल्या मराठी भाषेची येथें मला एक मौज वाटते. घराचें तें भाडें आणि गाडीचेंहि भाडेंच. इतर भाषांत यांना निरनिराळे शब्द असतील. आपण दोहोंना एकच शब्द योजिला, आणि संसाराच्या हिशेबांत तोच बरोबर आहे. स्वस्त घर लांब असलें तर उरलेलें भाडें माणूस रेल्वेला आणि बसला देतो. आणि पैशानें देतां आलें नाहीं तर झोपेनें देतो. म्हणून १९४७ च्या ऑगस्टांत कॉर्पोरेशननें ट्राम, बस व वीज यांचा सर्व उद्योग विकत घेतला तो निर्णय मी घरांच्या इतिहासांतला समजतों. २०१९ सालीं ‘बेस्ट’नें किमान भाडें पांच रुपये केलें व २०२५ च्या मे महिन्यांत तें दहा रुपये झालें. हीं दोन्ही घरभाड्याचींच कलमें होत, जरी तीं घरांच्या चर्चेंत कोणी मोजीत नाहींत.

ओस घरांची गोष्ट इतिहासजमा झाली असेंहि कोणी समजूं नये. २०११ च्या जनगणनेंत मुंबईच्या लोकसंख्येपैकीं सुमारें दोन पंचमांश लोक झोपडवस्त्यांत राहत असल्याचें आढळलें. आणि त्याच जनगणनेंत त्याच शहरांत साडेचार लाखांहून अधिक घरें रिकामीं आढळलीं. वरळीच्या चाळी पुढें भरल्या, इतक्या कीं एकेका खोलींत तीन पिढ्या नांदल्या. आणि शंभर वर्षांनीं त्यांच्या पुनर्विकासांतील पहिल्या सदनिकांच्या किल्ल्या वरळीकरांना २०२५ च्या ऑगस्टांत मिळाल्या. पण गरजू माणूस एकीकडे आणि रिकामी खोली दुसरीकडे, हें १९२५ चें चित्र नव्या रंगांत पुन्हां उभें आहे.

तिसरा निर्णय माझ्या स्वतःच्या घरापर्यंत पोंचलेला आहे. दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां भाडीं वाढलीं, पुन्हां निर्बंध आले, आणि स्वातंत्र्याच्या वर्षीं, १९४७ सालीं, मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तें प्रमाण धरून गोठविण्यांत आलें. फाळणीचे निर्वासित येत होते, बांधकामाचें साहित्य मिळत नव्हतें. अशा वेळीं या कायद्यानें लाखों कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वांचविलें. माझे वडील गिरणींत कामाला होते. संप, टाळेबंदी, आजारपण या सगळ्यांतून आम्ही भावंडें शिकलों तीं केवळ खोलीचें भाडें मूठभर रुपये होतें म्हणून. त्या कायद्याचे आमच्या घरावर उपकार आहेत, आणि ते मी नाकारणार नाहीं.

परंतु भाडें थांबवतां येतें, पावसाळा थांबवतां येत नाहीं. दर वर्षीं भिंतींत पाणी मुरे, तुळया कुजत. आणि गोठलेल्या भाड्यांत डागडुजी करावी असें मालकाला वाटेना. आमच्या चाळीच्या मालकाकडे वडील दर मे महिन्यांत अर्ज घेऊन जात, आणि दर जूनमध्यें जिन्याला एक नवा लांकडी टेकू लागे. मालक दुष्ट होता असें नव्हे. त्याला हिशेब करतां येत होता, इतकेंच. उघड भाडें गोठलें तसा व्यवहार ‘पागडी’च्या रूपानें आंतून चालूं लागला. भाड्यानें देण्यासाठीं घर बांधावें असें कोणाला वाटेना. जो तो विकण्यासाठीं बांधूं लागला, आणि विकत घेण्याची ऐपत नसलेल्या नव्या माणसाला झोपडीशिवाय वाट उरली नाहीं. जुन्या इमारती कोसळूं लागल्या तेव्हां १९६९ सालीं इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. उपकर भरणाऱ्या अशा इमारतींची संख्या त्या वेळीं १९ हजारांहून अधिक होती. अखेर १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोठलेल्या भाड्याचीं तीं कलमें काळाशीं विसंगत व म्हणून अवाजवी ठरविलीं. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, आणि वर्षास चार टक्के वाढीची मुभा मिळाली. औषध योग्य होतें. पण तापावरचें औषध रोगी पन्नास वर्षें घेत राहिला, आणि पथ्याकडे कोणीं पाहिलें नाहीं.

चौथी गोष्ट गिरण्यांच्या जमिनींची. तिच्यांत पाडणें नाहीं कीं बांधणें नाहीं, केवळ एका नियमाचा शब्द आहे. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. शहराच्या ऐन मध्यभागीं सुमारें ६०० एकर जमीन त्यांच्या तांब्यांत होती. एवढी जागा एका शहराला एकदांच मिळते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत ५८ वा नियम घातला गेला. त्याचा मतितार्थ असा कीं, जमिनीचा विकास करावयाचा असेल तर साधारण एक तृतीयांश भाग महानगरपालिकेस मोकळ्या जागांसाठीं, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठीं म्हाडास, आणि उरलेला मालकास. २००१ सालीं राज्य सरकारनें हा नियम बदलला. वांटणी सगळ्या जमिनीची न होतां केवळ गिरणीच्या आवारांत जी जागा मोकळी असेल तेवढ्याच जागेची व्हावी, असा त्याचा परिणाम झाला. गिरणीच्या आवारांत मोकळी जागा ती किती? उंच न्यायालयांतून प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि २००६ सालीं बदललेला नियम कायम झाला. ज्या जागीं सहस्रावधि घरें व मैदानें व्हावयाचीं, तेथें बव्हंशीं कचेऱ्या, दुकानांचे महाल व गगनचुंबी मनोरे उभे राहिले. त्या वर्षीं आमच्या विभागांत किती उमेदवार, किती कमानी व किती फलक होते तें मला आठवतें. पण या नियमाचा शब्द बदलला तेव्हां आम्हांला येऊन समजावून सांगणारा कोणी भेटल्याचें आठवत नाहीं.

आठ दिवसांनीं माझा विद्यार्थी आला. मीं त्याला हा सर्व इतिहास सांगितला आणि मग आम्ही दोघांनीं मिळून अकरावें कलम पहिल्या क्रमांकावर घेऊन त्याचीं पोटकलमें लिहिलीं.

पहिलें : विभागांत रस्त्यासाठीं, नाल्यासाठीं वा पुनर्विकासासाठीं कोणतेंहि राहतें घर पाडावयाचें झाल्यास, त्यांतील माणसांची पर्यायी सोय शक्यतों त्याच विभागांत तयार असल्याखेरीज संमतीचा हात वर करणार नाहीं. हा १८९८ चा धडा.

दुसरें : घराबरोबर घरापर्यंतची वाट. बसचें भाडें व बसच्या फेऱ्या, पाण्याची वेळ, दवाखाना आणि मराठी शाळा यांचा विचार घराच्याच कलमांत करीन. हा १९२० चा धडा.

तिसरें : पावसाळ्यापूर्वीं धोकादायक इमारतींची यादी घेऊन प्रत्येक जिना स्वतः चढेन, आणि दुरुस्ती कोणाकडे अडली आहे तें त्या इमारतीच्या रहिवाशांना लेखी सांगेन. हा १९४७ चा धडा.

चौथें : विकास आराखड्यांत विभागांतील कोणते भूखंड घरांसाठीं, शाळांसाठीं, मैदानांसाठीं राखलेले आहेत व त्यांचें पुढें काय झालें, त्याचा जमाखर्च दर वर्षीं भर चौकांत वाचून दाखवीन, आणि नियमाचा शब्द बदलण्याचें घाटत असेल तर हरकतीची मुदत संपण्यापूर्वीं तो लोकांना समजावून सांगेन. हा २००१ चा धडा.

पांचवें कलम मीं आग्रहानें घातलें : काय आपल्या हातीं नाहीं तें प्रांजलपणें सांगणें. भाडेनियंत्रणाचा कायदा, म्हाडा आणि झोपडपट्टी पुनर्वसन हे विषय राज्य सरकारचे. २०२२ पासून मुंबईंत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करांत सूट मिळाली, तीहि राज्य सरकारच्या निर्णयानें. नगरसेवकानें “घरें देतों” म्हणणें हें दुसऱ्याच्या कोठारांतलें धान्य वांटण्याचें आश्वासन होय. पण आराखडा, पाणी, रस्ता, शाळा, बस यांत त्याला आवाज आहे. आणि तो आवाज वेळेवर उठला तर थोडा नाहीं.

त्यानें सर्व लिहून घेतलें. मग थोडा वेळ थांबून म्हणाला, “गुरुजी, रागावूं नका. पण हीं कलमें ज्यांच्यासाठीं आहेत ते आतां आमच्या मतदारयादींत उरलेच कितीसे? माझ्या वर्गांतले बहुतेक बदलापुरास मत देतात. जे यादींत आहेत त्यांतल्या पुष्कळांचीं स्वतःचीं घरें आहेत. आणि घराच्या किमती उतराव्या असें त्यांना कशाला वाटेल? कमानीला निदान विरोध तरी कोणी करीत नाहीं.”

श्रोतेहो, पाढ्यांत कच्चा असलेल्या या मुलानें मांडलेलें गणित मला खोडतां आलें नाहीं. १९२२ सालीं मतासाठीं दहा रुपये भाड्याची अट होती. ती कायद्यांत लिहिलेली होती म्हणून सर्वांना दिसत होती, आणि दिसत होती म्हणून झगडून काढतां आली. आजची अट कोठेंच लिहिलेली नाहीं. पण जो या विभागाचें भाडें देऊं शकत नाहीं तो विभाग सोडतो. विभाग सोडतो तेव्हां यादींतलें नांवहि सोडतो. आणि मग उरलेल्यांच्या सोयीनें जाहीरनामे लिहिले जातात. दहा रुपयांची जुनी अट मागल्या दारानें पुन्हां आंत आली आहे, आणि आतां ती दहा रुपयांचीहि राहिलेली नाहीं.

तिला बाहेर काढणें कायद्याच्या हातचें नाहीं. तें आपल्यासारख्या, ज्यांचीं नांवें यादींत आहेत, त्यांच्या हातचें आहे. माझी आपणांस विनंती आहे कीं, आपल्या घराची किंमत वाढल्याचा आनंद मानतांना एक हिशेब करून पाहावा. पहांटे दूध घेऊन येणारा, रुग्णालयांत रात्रीं उशाशीं बसणारी परिचारिका, नातवंडांना शिकविणारी बाई, बस हांकणारा चालक, यांपैकीं आज आपल्या विभागांत कोण राहूं शकतो? त्यांना जाऊं द्या. आपलाच मुलगा आज नोकरीस लागला असता, तर आपलें घर त्याला घेतां आलें असतें काय? ज्या घरांत आपण राहतों तें आपल्याच लेकरांच्या आवांक्याबाहेर गेलें, तर त्या वाढलेल्या किमतीचा लाभ नेमका कोणाच्या पदरीं पडला?

उमेदवार दारीं येतील, कागद देतील. त्यावर शेवटीं काय लिहिलें आहे हें न पाहतां आधीं काय लिहिलें आहे तें पाहावें. या शहरांत चांगले संकल्प कधींच कमी नव्हते. १८९८ चा होता, १९२० चा होता, १९४७ चा होता, १९९१ चाहि होता. उणीव होती ती आधीं काय आणि मग काय, हें ठरविणाऱ्यांत त्या घरांत राहणाऱ्या माणसांचें मत नव्हतें याची. आज ज्यांचें मत या यादींत नाहीं त्यांच्या वतीनें आपण एक प्रश्न विचारला, तर तें उणें थोडें भरून निघेल.

माझ्या विद्यार्थ्यानें काय केलें, तेंहि सांगतों. पांचहि पोटकलमें त्यानें ठेवलीं. कमानीचें कलम मात्र त्यानें खोडलें नाहीं. तें शेवटीं, सतराव्या क्रमांकावर नेलें. मीं तेवढ्यावर समाधान मानलें.